ट्रॅक्टर थांबतो, बेलर थांबत नाही

भंडारा जिल्ह्यातल्या साकोलीजवळ मामाची धानाची शेती आहे. पूर्वी दिवाळीनंतर तिकडे गेलं की बांध्यांमध्ये, म्हणजे धानाच्या वाफ्यांत, पुंजणे (कापलेल्या धानाचे रचलेले ढीग) दिसायचे. माणसं विळ्याने धान कापायची, पेंढ्या बांधायची, आणि मळणी झाली की तणीस, म्हणजे धानाचा पेंढा, आपोआप घराशेजारच्या ढिगात जाऊन बसायचं. आता हार्वेस्टर येतो. तो दाणे घेऊन जातो आणि तणीस बांधीभर पसरून ठेवतो. ते गोळा करायला मजूर मिळत नाही. जाळलं तर जनावरांचा चारा जातो, वर धूर होतो. मग बेलरवाल्याला फोन लावला जातो.

बेलर म्हणजे शेतात पसरलेला चारा उचलून त्याच्या गाठी बांधणारं, ट्रॅक्टरमागे जोडायचं यंत्र. पूर्व विदर्भात तणीस, मावळात भाताचा पेंढा, कोल्हापूर-सांगलीकडे उसाचं पाचट, मराठवाड्यात सोयाबीनचं भुसकट, यंत्र तेच. औष्णिक वीजकेंद्रांनी कोळशात ५ टक्के जैवइंधन मिसळावं हे केंद्र सरकारचं धोरण ऑक्टोबर २०२१ मध्ये आलं. तेव्हापासून गोठ्याबाहेरही गाठींना गिऱ्हाईक दिसू लागलं आहे. यंत्रं वाढली, ती भाड्याने फिरू लागली, आणि काल मोटारसायकल दुरुस्त करणारा पोरगा आज बेलरवर हेल्पर झाला. त्याला हे यंत्र नीट समजावून सांगितलेलं मी फारसं पाहिलेलं नाही, म्हणून हा लेख.

आधी यंत्र समजून घेऊ

गोल गाठ कशी होते हे पाहायचं असेल तर सतरंजी गुंडाळून बघा. एक टोक दुमडायचं आणि फिरवत जायचं. बेलर हेच करतो, फक्त सतरंजीच्या जागी चाऱ्याचा पट्टा असतो. यंत्राच्या तोंडाशी जमिनीलगत एक फिरता दंड असतो. त्याला स्प्रिंगचे वाकडे दात असतात. याला पिकअप म्हणतात. तो चारा उचलून आत ढकलतो. आत लोखंडी रोलर किंवा रबरी पट्टे सगळीकडून फिरत असतात, आणि त्यांच्यामध्ये चारा गोल गोल फिरत घट्ट होत जातो. कोठी भरली की ड्रायव्हर ट्रॅक्टर थांबवतो, फिरत्या गाठीवर सुतळी किंवा जाळी गुंडाळली जाते, मागचं दार उघडतं आणि गाठ धप्पकन खाली पडते. आपल्याकडचे छोटे बेलर वीस-पंचवीस किलोची गाठ सोडतात. युरोप-अमेरिकेतल्या मोठ्या यंत्रांची गाठ पाच-सहाशे किलोंची असते. ही मोठी गोल गाठ १९७१ मध्ये अमेरिकेतल्या आयोवा राज्यात गॅरी व्हर्मीर यांनी आणली. एकट्या माणसाला चारा आवरता यावा, हा त्यामागचा हिशेब होता.

या सगळ्याला ताकद देतो पीटीओ. ट्रॅक्टरच्या मागे बाहेर आलेला फिरता दांडा म्हणजे पीटीओ. त्याला शाफ्ट जोडला की इंजिनाची ताकद मागच्या यंत्रात जाते. त्याचा ठरलेला वेग मिनिटाला ५४० फेरे, म्हणजे सेकंदाला ९.

आता वरच्या वर्णनातलं एक वाक्य पुन्हा वाचा: कोठी भरली की ड्रायव्हर ट्रॅक्टर थांबवतो आणि फिरत्या गाठीवर सुतळी गुंडाळली जाते. म्हणजे ट्रॅक्टर जागेवर उभा आहे आणि बेलर मात्र पूर्ण वेगात चालू आहे. ही काही बिघाडाची वेळ नाही. प्रत्येक गाठीला असंच होतं, दिवसातून शेकडो वेळा. नांगर, रोटाव्हेटर, ट्रॉली वापरून आपली नजर अशी झाली आहे की चाकं थांबली म्हणजे काम थांबलं. चाकं थांबली की माणूस सहज उतरतो, आणि बेलरच्या बाबतीत उतरायची नेमकी तीच वेळ चुकीची असते.

हात चटकन मागे घेता येत नाही का?

हा प्रश्न सगळेच विचारतात. याचं उत्तर रसवंतीत मिळतं. चरकात ऊस घालणारा माणूस कांडं कुठे सोडतो ते पाहा. चरकापासून वीतभर आधीच सोडतो. चरक ऊस धरतो आणि ओढून नेतो, त्याला ढकलावं लागत नाही. तिथे घुंगरांच्या तालावर फिरणारा सावकाश चरक असतो, तरी माणूस जपून असतो.

बेलरचा वेग मोजू. ट्रॅक्टर तासाला ५ किलोमीटरने चालला तर एका सेकंदात साधारण १.४ मीटर जातो. चारा पुढे रेटला न जाता उचलला जायला हवा, म्हणून पिकअपच्या दातांचा वेग त्याहून जास्तच ठेवावा लागतो. काहीतरी गडबड झाली हे डोळ्यांनी पाहून मेंदूने हाताला हुकूम द्यायला पाऊण सेकंद धरा. तेवढ्यात चाऱ्याची मूठ मीटरभर आत गेलेली असते. माणसाचा हात खांद्यापासून बोटांपर्यंत पाऊण मीटरच्या आत-बाहेर. मूठ सोडायचं सुचेपर्यंत खांदा यंत्राच्या तोंडाशी आलेला असतो. ताकद, चपळाई, अनुभव यांतलं काहीच इथे कामी येत नाही, कारण हुकूम पोचायच्या आत गोष्ट संपलेली असते.

सुतळीचंही तेच. सुतळी गाठीला पकडत नाही म्हणून तिचं टोक हाताने आत सारायचा मोह होतो. सुतळीने बोटाला एक वेढा घेतला की झालं.

शाफ्टचा हिशेब वेगळा करू. सांध्यापाशी साडेसात सेंटिमीटर जाडीचा शाफ्ट धरला तर त्याचा घेर साडेतेवीस सेंटिमीटर. सेकंदाला ९ फेरे म्हणजे दोन मीटरहून जास्त कापड एका सेकंदात गुंडाळलं जातं. गळ्यातला दुपट्टा एवढाच असतो. गाठी वेचायला बाया येतात, त्यांचा पदर खोचलेला असला तरी वाऱ्याने सुटतो. स्कूटरच्या चाकात ओढणी अडकून झालेले अपघात आपल्याला ठाऊक आहेत. शाफ्टजवळून जाताना तेच आठवावं. शाफ्टवर प्लास्टिकचं नळीसारखं आवरण असतं, आणि त्याला एक बारीक साखळी असते. साखळी ट्रॅक्टरला अडकवायची, म्हणजे आत शाफ्ट फिरतो आणि आवरण स्थिर राहतं. आवरण बरं आहे का, हे इंजिन बंद असताना हाताने फिरवून पाहावं. शाफ्टपासून सुटं, सहज फिरलं तर ठीक. शाफ्टला चिकटून बसलं असेल तर त्या आवरणाचा उपयोग शून्य.

मामाच्या बांधीत काय झालं

मागच्या हंगामात मी तिथे उभा होतो. दुपारचे तीन वाजले होते. धुऱ्याकडेच्या, म्हणजे बांधाकडेच्या, ओलसर तणसाचा एक गुंता पिकअपच्या तोंडाशी अडकला. ड्रायव्हरने क्लच दाबून धरला, बेलर थांबला, आणि अठरा-एकोणीस वर्षांचा हेल्पर उडी मारून उतरला. गुडघ्यावर बसून दोन्ही हातांनी गुंता ओढायला लागला. ड्रायव्हर मान वळवून त्याच्याकडे बघत होता. डावा पाय क्लचवर.

इथे क्लचचं थोडं सांगायला हवं. आपल्याकडच्या बऱ्याच ट्रॅक्टरांना डबल क्लच असतो. पेडल अर्ध दाबलं तर चाकं थांबतात आणि पीटीओ चालू राहतो. पूर्ण दाबलं तर पीटीओही थांबतो. सिंगल क्लचवाल्या ट्रॅक्टरात दोन्ही एकदम थांबतात. दोन्हींत एक गोष्ट सारखी: पाय उचलला की सगळं परत सुरू. म्हणजे त्या पोराचे दोन्ही हात ड्रायव्हरच्या एका पायाच्या भरवशावर होते. पायाला मुंगी चावली असती, चप्पल पेडलवरून सटकली असती, खिशातला फोन वाजला असता, तरी पुरे होतं.

मामा धुऱ्यावरून ओरडले, "काहून उतरला बे तू? आधी बंद कर म्हणा ना त्याले!"

पोरगा उठून उभा राहिला. ड्रायव्हर ओशाळून म्हणाला, "बॅटरी बसली हाये जी. बंद केला का मंग धक्काच माराव लागते."

बेलरच्या सुरक्षेवर आजवर मी जे काही वाचलं त्यात हे वाक्य कुठेच नव्हतं. सगळीकडे लिहिलेलं असतं, इंजिन बंद करा. पण ज्याच्या ट्रॅक्टरचा सेल्फ लागत नाही, तो माणूस बांधीच्या मधोमध इंजिन बंद करणारच नाही, तुम्ही कितीही पाट्या लावा. त्यामुळे माझं मत असं आहे की बेलरसाठी पहिलं सुरक्षा साधन म्हणजे ट्रॅक्टरची चांगली बॅटरी आणि सेल्फ. हातमोजे, हेल्मेट सगळं त्यानंतर. हातमोजा तर पिकअपजवळ उलट घातकच, दात त्याला धरून हातासकट नेतात.

पीटीओ सोडवला की पुरे नाही का?

पीटीओ सोडवणं म्हणजे बेलरकडे जाणारी ताकद तोडणं. तेवढं पुरत नाही, आणि याला तीन कारणं आहेत. एक म्हणजे वजन. रोलर, गाठ, साखळ्या हे सगळं जड असतं. ताकद तोडली तरी पंखा बटण बंद केल्यावर फिरत राहतो तसं ते काही वेळ फिरत राहतं. धुळीत, उन्हात, दुरून ते थांबल्यासारखं दिसतं.

दुसरं, अडकलेला गुंता हा दाबून ठेवलेल्या स्प्रिंगसारखा असतो. पट्टे ताणलेले, साखळी ताणलेली, आणि मध्ये चाऱ्याची पाचर. पाचर निघाली की इंजिन बंद असतानाही रोलर झटक्याने थोडा फिरतो. बोट जायला तेवढं पुरतं. म्हणून गुंता हाताने न ओढता लांब दांड्याच्या आकड्याने, बाजूला उभं राहून काढायचा.

तिसरं कारण माणसाचं आहे. एक जण यंत्राखाली, दुसरा ट्रॅक्टरवर. खालच्याने "झालं" म्हटलं की "चालव" म्हटलं, हे वरच्याला नीट ऐकू येत नाही. कारखान्यांमध्ये यावर जुना उपाय आहे. जो दुरुस्तीला आत जातो तो बटणाला स्वतःचं कुलूप लावतो आणि चावी स्वतःकडे ठेवतो. शेतात याचं सोपं रूप एवढंच: ज्याचा हात आत जाणार, त्याच्या खिशात ट्रॅक्टरची चावी.

मात्र एक सावधगिरी. आपल्याकडच्या जुन्या डिझेल ट्रॅक्टरांमध्ये चावी फिरवून काढली तरी इंजिन चालूच राहतं. डिझेल तोडायला वेगळी दांडी ओढावी लागते. तेव्हा क्रम असा: पीटीओ सोडवायचा, दांडी ओढून इंजिन बंद करायचं, ब्रेक लावायचा, चावी काढायची, सगळं फिरायचं थांबलं हे डोळ्यांनी पाहायचं, आणि मग उतरायचं.

"असं करत बसलो तर दिवसाच्या गाठी किती होणार?"

बेलरवाल्याला गाठीमागे पैसे मिळतात, हंगाम थोडा असतो, त्यामुळे हा आक्षेप खरा आहे. हिशेब करू. इंजिन बंद करून परत सुरू करायला मिनिटभर धरा. दिवसात वीस वेळा अडकलं तर वीस मिनिटं. आता उलटं विचारू: वीस वेळा अडकतं का? अडकत असेल तर दोष दुसरीकडे आहे. तणीस ओलं आहे, चाऱ्याची ओळ एका जागी फार जाड आहे, ट्रॅक्टर वेगाने रेटला जातोय, किंवा पिकअपचे दात तुटलेत. सकाळी दव उतरेपर्यंत तासभर थांबलं तर यातले निम्मे गुंते होत नाहीत. मामांच्या बांधीतला तो गुंताही धुऱ्याकडेच्या सावलीतल्या ओल्या पट्ट्यातलाच होता.

"आम्ही वीस वर्षं मळणीयंत्र चालवतोय"

हे बोलणारा माणूस खोटं बोलत नसतो. पण मळणीयंत्राचीही एक गोष्ट आहे. हरितक्रांतीनंतर उत्तरेत मळणीयंत्रांत इतके हात गेले की संसदेला १९८३ मध्ये धोकादायक यंत्रांसाठी वेगळा कायदा करावा लागला. मळणीयंत्राचं नाव त्या कायद्यातच आहे. तिथे एक साधी युक्ती उपयोगी पडली: पेंढी घालायच्या तोंडाला लांब, वरून झाकलेली पन्हळ लावली. हात कितीही आत घातला तरी ड्रमपर्यंत पोचत नाही.

बेलरला ही युक्ती करता येत नाही. त्याला जमिनीवरून चारा उचलायचा आहे, म्हणजे त्याचं तोंड उघडं आणि खालीच राहणार. जो बचाव मळणीयंत्रात पत्र्याने होतो तो बेलरमध्ये फक्त इंजिन बंद केल्याने होतो. वीस वर्षांची सवय इथे बेताने वापरावी लागते.

आणि "विमा आहे ना" म्हणणाऱ्यांसाठी: गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेत मृत्यूला २ लाख आणि एक हात गेला तर १ लाख मिळतात. योजना खातेदार शेतकरी आणि त्याच्या घरातल्या एका सदस्यासाठी आहे. भूमिहीन हेल्पर त्यात कुठेच बसत नाही, आणि हात घालतो तो बहुतेक वेळा तोच.

देखभाल करताना

ग्रीस आणि साखळीला तेल रोज लागतं. चालू साखळीवर डब्याने तेल सोडायची पद्धत सर्रास दिसते, कारण तसं तेल सगळीकडे पोचतं. साखळी थांबवून, हाताने थोडी थोडी फिरवून घातलेलं तेलही पोचतं, फक्त दहा मिनिटं जास्त जातात.

शिअर बोल्ट हा मुद्दाम कमकुवत ठेवलेला बोल्ट असतो. जोर फार झाला की आधी तो तुटतो आणि गिअरबॉक्स वाचतो. घरातल्या फ्यूजसारखाच. पण हा सारखा तुटतो म्हणून लोक वेल्डिंगवाल्याकडून कडक बोल्ट घालून घेतात. फ्यूजमध्ये जाड तार घालण्यासारखं आहे हे. पुढच्या वेळी बोल्ट टिकतो, शाफ्ट किंवा गिअरबॉक्स तुटतो, आणि त्याचा तुकडा कुठे उडेल हे कोणी सांगू शकत नाही. पुस्तिकेत लिहिलेलाच बोल्ट घालावा आणि चार जास्तीचे टूलबॉक्समध्ये ठेवावेत.

मागचं दार वर करून आत शिरायचं असेल तर दाराचं कुलूप, म्हणजे तेल अडवणारा व्हॉल्व्ह किंवा खुंटी, लावल्याशिवाय डोकं आत घालू नये. दार तेलाच्या दाबावर उभं असतं, आणि पाइप फुटला तर ते लगेच खाली येतं.

त्या तेलाचं आणखी एक. गाडीच्या टायरमधला दाब तीसेक पीएसआय असतो, ट्रॅक्टरच्या हायड्रोलिक पाइपमधला दोन हजारांच्या वर. पाइपला सुईएवढं भोक पडलं तर तिथून निघणारी धार दिसतही नाही, पण कातडी भेदून आत जाते. जखम बाभळीचा काटा टोचल्याएवढी दिसते आणि सुरुवातीला दुखतही नाही. माणूस घरी जाऊन झोपतो. आत तेल पसरत राहतं आणि बोट, कधी हात, काढावा लागतो. म्हणून गळती बोटाने शोधायची नाही, पुठ्ठ्याचा तुकडा पाइपजवळून फिरवायचा. आणि टोचलंच तर त्याच तासात मोठ्या दवाखान्यात जाऊन स्पष्ट सांगायचं की दाबाखालचं तेल आत गेलं आहे. नाहीतर धनुर्वाताचं इंजेक्शन देऊन परत पाठवतील.

गाठ बाहेर पडल्यावर

गोल गाठ गोल आहे, हे विसरू नये. सप्टेंबर २०१० मध्ये इंग्लंडच्या डेव्हनमध्ये सहाशे किलोंची गाठ उतारावरून घरंगळत रस्त्यावर आली आणि चालत्या व्हॅनवर आदळली. आत माइक एडवर्ड्स होते, इलेक्ट्रिक लाइट ऑर्केस्ट्रा या प्रसिद्ध बँडचे जुने चेलोवादक. ते जागीच गेले. आपल्या गाठी छोट्या आहेत, पण मावळात किंवा घाटमाथ्यावर उताराखाली रस्ता किंवा पोरं असतील तर पंचवीस किलोही पुष्कळ होतात. गाठ सोडताना ट्रॅक्टर उताराला आडवा करावा. पाट्यावरचा वरवंटा आपण ज्या बेताने ठेवतो, तसंच. मागचं दार उघडताना मागे कोणीही नको, हे ओघाने आलंच.

आगीचं मात्र थोडं सविस्तर सांगायला हवं. शेतातली आग दोन ठिकाणी लागते: खराब झालेलं बेअरिंग तापतं तिथे, आणि सायलेन्सरजवळ साठलेल्या भुशात. रोज संध्याकाळी भुसा झटकणं आणि थांबल्यावर कुठलं बेअरिंग जास्त तापलंय ते पाहणं, यावर ती टळते. पण दुसरी आग घरी येते. पहाटे उकिरड्यातून वाफ निघताना पाहिली आहे ना? ओल्या गाठीत तेच होतं. चाऱ्यातला ओलावा साधारण २० टक्क्यांच्या वर असेल तर आत जंतू वाढतात, उष्णता होते, आणि घट्ट गाठीतून ती बाहेर पडत नाही. पहिले सहा आठवडे जपायचे. लोखंडी सळई गंजीत खुपसून पंधरा-वीस मिनिटांनी काढावी. हातात धरवत नसेल तर गंजीत काहीतरी शिजतंय. अशा वेळी गाठी भराभर उपसायला जाऊ नये, आत हवा शिरली की पेट घेते. आधी अग्निशमनवाल्यांना फोन, मग त्यांच्या देखत उपसा. ओल्या गाठीची बुरशी फुप्फुसांनाही वाईट असते, म्हणून जुनी गाठ फोडताना तोंडाला फडकं बांधावं.

भरलेली ट्रॉली गावात आणताना वरच्या तारा बघाव्यात. वर बसलेल्या माणसाला उतरवूनच निघावं.

यंदा कार्तिकात पुन्हा साकोलीला गेलो होतो. तोच बेलर, तोच ड्रायव्हर. ट्रॅक्टरला नवी बॅटरी होती. मामांनी फोनवरच सांगितलं होतं म्हणे, सेल्फ लागत असेल तरच बांधीत ये. गुंता एकदा अडकला. इंजिन बंद झालं, पाखरांचा आवाज ऐकू यायला लागला. पोरगा उतरला, ट्रॅक्टरपाशी जाऊन त्याने हात पुढे केला, ड्रायव्हरने चावी त्याच्या तळहातावर ठेवली. पोराने ती पँटच्या खिशात टाकली आणि आकडा घेऊन मागे गेला.